आपल्या घरातला अर्थ

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. मी सातवीच्या वर्गावर ओरडले की पलीकडच्या अंगणवाडीतली लेकरंसुद्धा गप्प बसतात. गेवराईच्या स्टँडसमोर अब्बांचा फळांचा गाडा आहे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी तिथं उभी राहून हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून मोसंबी विकायचे. तिथं कमावलेला गळा आता शाळेत वापरते. पोरं मला घाबरतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही.

शाळा गेवराईपासून आत, एका खेड्यात आहे. दाराशी एक फळा आहे. पूर्वी त्यावर सुविचार लिहायचे आणि तो कुणी वाचायचं नाही. मी इंग्रजी शिकवायला आले तेव्हा सुविचार पुसला आणि रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायला सुरुवात केली, खाली मराठीत अर्थ. 'अ पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपं काम, हातचा मळ. पोरं त्याला 'इडियम' म्हणायला लागली. ही खोड माझी जुनीच. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी, आणि इंग्रजी ही नुसती पाठ करायची गोष्ट होती. स्टँडवर मिळणारं एक पातळ पुस्तक घेऊन मी गाड्यामागं बसायचे आणि इडियम घोकायचे. शेकडो पाठ झाले. कुठलाही विचारा, अर्थ तोंडावर तयार. याचा मला लई तोरा होता.

आमच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर कारखान्याला जातात, म्हणजे लांब तिकडं ऊस तोडायला, आणि उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायला. नवरा-बायको मिळून तिथं एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दोघांतलं एक आजारी पडलं तर दुसऱ्यालाही बसून राहावं लागतं. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेतच सहा महिने वसतिगृह चालतं. पोरींची एक खोली, पोरांची एक, आणि स्वयंपाकाला एक मावशी. पण पोरी मागं राहायला पाहिजेत ना! बारकी भावंडं सांभाळायला, भाकरी थापायला पोरगी लागतेच, म्हणून तिलाच आधी उचलतात. आधीच्या दोन वर्षांत माझ्या वर्गातल्या दोन पोरी अशा गेल्या त्या पुन्हा बाकावर बसल्याच नाहीत. एकीचं तर पुढच्या वर्षी लग्नच झालं. तेव्हापासून दसरा जवळ आला की माझं डोकं फिरायला लागतं.

त्या वर्षी सातवीत एक पोरगी होती. काटकुळी, बोलायला कमी, पण फळ्यापुढं सगळ्यांत आधी उभी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची माय वर्गाच्या दारात आली.

"मॅडम, हिला नेणार हाय. बारकं दोन वर्साचं हाय. आमी फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण बगंल?"

माझा पारा चढला. "सातवीची पोर आहे ती! लेकरं सांभाळायला नेताय? काय जन्मभर ऊसच तोडायचा का तिनं? तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतं मला."

वर्गातली दोन-तीन पोरं फिसकन हसली. मी त्यांच्याकडं बघितलं तशी गप्प झाली. बाई शांतपणे आत येऊन मुलीच्या बाकावर टेकली.

"मला लिवता वाचता येत न्हाई. हितं ठेवली, आन् तुमी तिच्याकडनं झाडलोट करून घेतली, तर मला कसं कळावं?" मग ती मुलीकडं वळली. "आज काय शिकीवलं?"

"अपूर्णांक."

"त्ये मला न्हाई कळत. दुसरं?"

"इडियम. रोल अप युअर स्लीव्हज. म्हंजी एखाद्या कामासाठी कंबर कसणे."

"हे पुस्तकातलं झालं. आपल्या घरातलं सांग."

पोरीनं मायकडं बघितलं. मग म्हणाली, "तू फडात उतरायच्या आदी साडीवरनं पप्पाचा जुना शर्ट घालती, बाह्या वर सारती, आन् कोयता हातात घेती. तसं."

बाईच्या तोंडावर हसू आलं. "हां. आता कळलं."

साडीवरून शर्ट घातलेली बाई डोळ्यांपुढं आली आणि मलाही हसू फुटलं. वर्ग हसला. त्या दिवशी मला वाटलं की मी लढाई जिंकले. कारण बाईनं पोर मागं ठेवायचं कबूल केलं. बारक्याला फडाच्या कडेला झोळीत टाकीन म्हणाली. पण तिची एक अट होती. रोज एक इडियम आणि त्याचा घरातला अर्थ, पोरीच्या आवाजात, फोनवर आला पाहिजे.

"रोजच्या रोज," ती उठता उठता म्हणाली. "ज्या दिशी न्हाई आला, त्या दिशी मी निघणार आन् हिला घेऊन जाणार. मग तुमी किती बी वरडा."

झालं. रोज पाच वाजता शाळा सुटली की पोरगी माझ्या टेबलापाशी यायची. मी फोन द्यायचे, ती तोंडाजवळ धरून आवाज भरायची आणि मी पाठवायचे. दुसऱ्या दिवशी कधीतरी मायचं उत्तर यायचं, मागं ट्रॅक्टरचा आवाज, बारक्याचं रडणं. 'बरं. जेवलीस का?' बहुतेक वेळा एवढंच.

पण पोरीचे अर्थ! 'ऑन पिन्स अँड नीडल्स', म्हणजे जीव टांगणीला लागणे, असं मी फळ्यावर लिहिलं होतं. ती म्हणाली, "सगळं सामान बांधून आपण दारात बसलेलो आस्तो आन् मुकादमाचा ट्रक येत नसतो, तसं." एकदा 'वन्स इन अ ब्लू मून' होता, क्वचित, कधी तरी एकदा. ती फोनमध्ये म्हणाली, "माय, आपण एकदाच कपिलधारला गेलतो. तू धबधब्याखाली उभी राहिली आन् मोठ्यानं हसली. पुन्ना तशी न्हाई हसलीस. तसं कधीमधी." हे बोलून झाल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला आणि दप्तर उचलून निघून गेली. त्या दिवशी मायचं उत्तर लांबलचक आलं. "चांद निळा आस्तोय व्हय? मॅडमला इचार. आन् नसंल तर सरळ न्हाई म्हणावं की त्या लोकांनी, हेलपाटे कशाला?" आणि शेवटी, "पुन्ना जाऊ कपिलधारला."

मला हे ऐकायला मजा यायची. पण कबूल करते, मी ऐकत होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. इंग्रजी नीट म्हणते का, अर्थ चुकत नाही ना, आणि मुख्य म्हणजे निरोप गेला का. निरोप गेला म्हणजे पोर आणखी एक दिवस शाळेत. माझं लक्ष तेवढ्यावरच होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात तिला ताप आला. दोन दिवस अंग चटके देत होतं. मावशी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. तापात ती मायला बोलावत होती, आणि मी सांगत होते, "अगं येईल ना, उन्हाळ्यात येईलच की." मायला मी कळवलं नाही. कळवलं तर ती येऊन घेऊन जाईल, ही एकच भीती डोक्यात. वर मी पोरीलाच बजावलं, "तापाचं फोनवर बोलायचं नाही हं. उगाच तिकडं काळजी करतील." त्या दोन्ही दिवशी तिनं गोधडीत बसून इडियम सांगितला. एकदाही तापाचं नाव काढलं नाही. शहाणी पोर, असं मी मावशीला कौतुकानं म्हणाले. आज ते आठवलं की मलाच माझा राग येतो.

ताप उतरला, ती वर्गात येऊन बसली. पाच वाजता मी फोन पुढं केला. तिनं हात मागं घेतले.

"आज न्हाई सांगायचं."

"का?"

"आसंच."

"असंच म्हणजे काय? तोंडाला कुलूप लागलंय का? तुला माहीत आहे ना, निरोप नाही गेला तर माय येऊन घेऊन जाईल?"

"माहीत हाय," ती म्हणाली. आणि जाऊन फाटकाजवळच्या ओट्यावर बसली, रस्त्याकडं तोंड करून.

मी लई बोलले तिला. आळशी म्हणाले, नाटकी म्हणाले. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मग मी टेबलाशी येऊन बसले आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण केलं. स्वतःच्याच आवाजात निरोप भरला. "तिचा घसा बसलाय, म्हणून मी सांगते. आजचा इडियम..." पुढं अर्थ, आणि पुढं 'ती म्हणते की' असं म्हणून मनानं रचलेलं एक उदाहरण. पाठवून दिला. मनात म्हटलं, या अल्लाह, पोरीच्या भल्यासाठीच करतेय.

मायचं उत्तर आलं, "हळदीचं दूध द्या तिला." दुसऱ्या दिवशीही पोर गप्प. दुसऱ्या दिवशीही मी पाठवला. "बरं," एवढंच उत्तर. तिसऱ्या दिवशी इडियम होता 'लेंड अ हँड', मदतीला हात देणे. मी म्हटलं, "ती म्हणते, पप्पा ऊस तोडतात आणि माय मागून मोळ्या बांधून हात देते, तसं." मला वाटलं, वा, अगदी त्यांच्या घरातलं झालं! या निरोपाला उत्तर आलं नाही. चौथा मी तरीही पाठवला. पोर रोज शाळा सुटली की ओट्यावर. मावशी म्हणाली, तिनं कपड्यांची पिशवी भरून उशाशी ठेवलीय. मी म्हटलं, रुसलीय, बसू दे.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर मी फळ्याकडं तोंड करून काहीतरी लिहीत होते. वर्ग एकदम शांत झाला. मी न ओरडता शांत झाला, म्हणून मी वळले. दारात ती बाई उभी होती. साडीवर तोच मळका शर्ट, बाह्या दुमडलेल्या, पायांना वाळलेला चिखल. कालपासून ती गाड्या बदलत आली होती. नजर बाकांवरून फिरत होती, आणि पोरगी दिसली तशी ती चौकटीला धरून खालीच बसली.

मी घाईघाईनं म्हणाले, "घसा बरा आहे आता तिचा. आज ती स्वतःच..."

"घशाला काय झालंच नव्हतं, मॅडम."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच." तिला धाप लागली होती. "पप्पा तोडतात आन् माय मोळ्या बांधती म्हणला तुमी. आमच्या कोयत्यात तोडते मी. मालकाचा खांदा निखळलेला हाय, चार वर्सं झाली, त्यांना घाव घालता येत न्हाई. त्ये बांधतात. माझी पोर झोपंत बी हे चुकायची न्हाई. आन् पैल्याच दिशी सांगितलं हुतं की तिनं, हितंच, तुमच्या म्होरं. शर्ट घालती, बाह्या सारती, कोयता घेती. तुमी हसला."

खरंच सांगितलं होतं तिनं. मी शर्टाला हसले होते आणि कोयत्याचं ऐकलंच नव्हतं. ऊस म्हटलं की तोडतो तो बाप्या, असं मी घरबसल्या ठरवून टाकलं होतं.

"मला वाटलं पोरीला काय तरी झालं आन् तुमी लपिवताय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "सगळा रस्ता मी त्येच बगत आले. पोर न्हाई राहिली, आसंच वाटलं."

पोरगी बाकावरून उठली. पळाली नाही. हळूहळू येऊन मायच्या समोर उभी राहिली.

"आलीस?"

"आले. कावून न्हाई पाठीवलं गं? काय झालं हुतं?"

"ताप आलता. दोन दिस."

माय माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली.

"मग? ताप गेल्यावर कावून न्हाई?"

"तूच म्हणली हुती," पोरगी म्हणाली. "ज्या दिशी न्हाई आला त्या दिशी येईन म्हणून. म्हणून न्हाई पाठीवलं. मी रोज वाट बगत हुते. तू येईनाच."

मायनं तिचे दोन्ही हात धरले. "शाळा सोडायची हाय का तुला? चलायचं माझ्यासंगं?"

"न्हाई. शाळा न्हाई सोडायची. नुसती तू यायला पायजे हुतीस. पिशवी भरली हुती मी, नेलं आसतं तर आले आसते. पण मला नुसतं तू यायला पायजे हुतं."

मग ती मायच्या मांडीत शिरून रडली. तेवढी मोठी पोर, सगळ्या वर्गादेखत. कुणीही हसलं नाही. मी टेबलाला धरून उभी होते. चार दिवस ही पोर तिच्या मायला हाक मारत होती, तिच्या हातात होती तेवढ्या एकाच रीतीनं, आणि ती हाक मी रोज पाच वाजता मधल्यामध्ये दाबत होते. वर स्वतःला शाबासकी देत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. पोर शाळेत राहावी म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तिच्या मनात शाळा सोडायचं कधी नव्हतंच.

मी बाईजवळ जाऊन बसले. "माफ करो," म्हणाले. घरची भाषाच तोंडातून आली. "चुकलं माझं. लई चुकलं."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "तुमचा आवाज एवढा बारका बी निगतो व्हय?"

त्या दिवशी ती वसतिगृहातच राहिली. मावशीनं भाकरी आणि पिठलं केलं. माय-लेकी ओट्यावर बसून जेवल्या. बारकं तिकडं बापाजवळ होतं आणि कोयता बंद होता. तिला थांबून चालण्यासारखं नव्हतं. सकाळच्या एसटीला मी दोघींबरोबर फाट्यावर गेले. गाडी आली तेव्हा माय पायरीवर चढली आणि वळली.

"अट ऱ्हायलीच हाय," ती पोरीला म्हणाली. "ज्या दिशी न्हाई आला, त्या दिशी मी निगणार. पण न्यायला न्हाई. नुसती येणार." मग माझ्याकडं बोट केलं. "आन् तुमी मधी बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

संध्याकाळी पाचला पोरगी आपणहून टेबलाशी आली. फळ्यावर त्या दिवशी दुसराच काहीतरी इडियम होता. तिनं विचारलं, मागचा चालंल का? मी म्हटलं, कुठलाही चालेल. तिनं फोन तोंडाजवळ धरला. "कीप युअर वर्ड. म्हंजी माय, तू म्हणली हुती येईन, आन् आलीस." मी पाठवून दिला आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

फळ्यावरचा माझा शिरस्ता तेव्हापासून बदलला. वर इंग्रजी लिहिते, खालची जागा कोरी सोडते. सकाळी कुणीतरी पोर येऊन आपल्या घरातलं सांगतं, मग मी ते लिहिते. सांगून होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. मला ते अवघड जातं, पण करते. एकदा त्या पोरीनंच विचारलं, मॅडम, तुमच्या घरातलं सांगा ना एक. माझ्याजवळ शेकडो इडियम पाठ, आणि घरातला एकही नाही. त्या रविवारी मी अब्बांकडं गेले आणि दिवसभर त्यांच्या गाड्यामागं बसून आले.

पोरीचे निरोप त्यानंतर रोज गेले. परीक्षेच्या दिवशीही गेला. होळीनंतर एक दिवस ती टेबलाशी आली. मी फोन पुढं केला. तिनं मान हलवली.

"आज नको, मॅडम."

ताप होता का? नव्हता. कुणी बोललं होतं का? मी विचारलं नाही. प्रश्न अगदी जिभेच्या टोकाशी आला होता, पण फोन पालथा घातला आणि म्हणाले, "बरं."

ती ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही शाळा सुटल्यावर बसली. मीही तिच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही दोघी रस्त्याकडं बघत होतो. एसटी फाट्यावर थांबून पुढं गेली. जरा वेळानं वळणावर साडीवर शर्ट घातलेली बाई दिसली, एका हातात पिशवी, कडेवर बारकं.

"किती दिवस?" मी पोरीला विचारलं.

"सकाळच्या गाडीपर्यंत," ती म्हणाली, आणि पळत सुटली.